फळाला थांबता येत नाही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझं गाव अवसरी खुर्द. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या शेजारी. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना ‘अवसरी फाटा’ ही पाटी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. आकाशवाणीतून फोन आला आणि विषय सांगितला गेला, ‘स्थानिक फळप्रक्रिया आणि विक्री उद्योगांतली गुंतवणूक’. मला वाटलं, नंबर चुकला. मी कवी माणूस, शिकलो बी.ए., तेही मराठी घेऊन. माझ्या कवितासंग्रहाच्या शिल्लक प्रती अजून माळ्यावर आहेत. विक्रीबद्दल मी काय बोलणार? पण पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “तुम्ही बागवान ना? मग तुम्हीच बोला.” आता याला काय उत्तर द्यायचं?

खरं आहे ते. आमच्या घराण्याचा धंदा फळांचा. घरात दखनी बोलायचं आणि उंबरठा ओलांडला की मराठी, अशी आमची रीत. फळांचा सगळा व्यवहार मराठीतच चालायचा, कारण झाडं शेतकऱ्यांची आणि गिऱ्हाईकही आसपासच्या गावांतलंच. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अब्बांच्या नावावर एक गुंठा जमीन नव्हती. पण आंब्याला मोहोर आला की ते बांधाबांधाने फिरायचे. झाडाखाली उभं राहून बराच वेळ वर बघायचे, मग झाडाचा उक्ता आकडा सांगायचे. मोहोरावर झाड घेणं म्हणजे एक प्रकारचा जुगारच. वारं सुटलं, गारा पडल्या की सगळं मातीत. म्हणून गावातल्या एका शेतकऱ्याशी त्यांनी भागी केली होती. आम्ही मुलं त्यांना तात्या म्हणायचो. झाडं तात्यांची, राखण, उतरवणं, आढी घालणं आणि विकणं अब्बांचं. जे येईल ते निम्मं-निम्मं. आमच्या धर्मात व्याज घेऊ नये म्हणतात, आणि तात्यांना व्याज द्यायला परवडत नव्हतं. दोघांचं छान जमलं. एका वर्षी गारपीट झाली, तेव्हा दोघंही सारखेच रिकामे राहिले. हिशेबाची वही झाडाखालीच बंद केली आणि तात्यांच्या घरून आलेली भाकरी दोघांनी मिळून खाल्ली.

मी लहानपणी अब्बांबरोबर मंचरच्या आठवडे बाजाराला जायचो. सकाळी शेकड्याचा भाव चढा असायचा. दुपारी थोडा उतरायचा. दिवस कलायला लागला की ओळखीची माणसं हळूच पाटीशी येऊन उभी राहायची. त्यांना ठाऊक असायचं, आढीतून काढलेला रायवळ आंबा उद्या काळा पडणार आहे. ती मंडळी मुद्दाम थांबायची. अब्बांना थांबता येत नव्हतं, कारण आंब्याला थांबता येत नव्हतं. शेवटची पाटी निम्म्याच्याही खाली जायची. परतीच्या वाटेवर अब्बा म्हणायचे, “बेटा, आपला आंबा गोड होता. आपली संध्याकाळ खराब होती.”

आजच्या भाषणात मला जे सांगायचं आहे ते यातच आलं. फळप्रक्रिया म्हणजे काय, तर फळाला थांबायला लावणं. रस काढा, वाळवा, गोठवा, मुरवा, बाटलीत भरा. उद्देश एकच, की संध्याकाळचा भाव घ्यावा लागू नये. आणि या उद्योगातली गुंतवणूक म्हणजे ते थांबणं पेलण्यासाठी लागणारा पैसा. आपण मात्र गुंतवणूक म्हटली की पत्र्याची शेड आणि चकचकीत यंत्रं डोळ्यांपुढे आणतो. हा फरक समजायला मला आयुष्यातली बरीच वर्षं आणि घरातले काही हजार रुपये लागले. ती गोष्ट पुढे सांगतो.

आधी आमच्या मुलखाची ओळख करून देतो. आंबेगाव-जुन्नर म्हणजे एका बाजूला भीमाशंकरचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला कालव्याखालची बागायत. पश्चिमेच्या डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. हिरडाही फळच. उन्हाळ्यात महादेव कोळी समाजाची कुटुंबं कोवळा हिरडा झाडावरून उतरवतात, उन्हात वाळवतात. त्याला बाळहिरडा म्हणतात. तो औषधात जातो. त्रिफळ्यातल्या तीन फळांपैकी हे एक. पूर्वी कातडं कमावायला आणि शाई करायलाही हिरडा लागायचा. आता गंमत बघा, वाळलेला हिरडा महिनोन्‌महिने टिकतो. त्याला थांबता येतं. पण तो वाळवणाऱ्या बाईला थांबता येत नाही. तोंडावर पावसाळा असतो, चार महिन्यांचं मीठ-मिरची-तेल भरायचं असतं, पोरांच्या वह्या घ्यायच्या असतात. म्हणून टिकाऊ फळसुद्धा आठवड्याच्या आत व्यापाऱ्याच्या तराजूवर जातं. म्हणजे कधी फळ थांबत नाही, कधी माणूस. दोन्हीकडे कमी पडतं ते एकच.

पूर्वेकडे डिंभे धरणाचं पाणी आलं आणि शेती पालटली. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे. बाबू गेनू आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेल्या लॉरीपुढे ते आडवे झाले आणि गेले. त्यांच्या नावाच्या पाण्यावर आज तरकारी, टोमॅटो, ऊस, फुलं पिकतात. पण आमच्या गावातल्या किराणा दुकानात सॉसची बाटली येते ती कुठून कुठून येते, आणि आमच्या शिवारातला टोमॅटो क्रेटमध्ये भरून परमुलखात जातो. बाबू गेनूंच्या तालुक्यातल्या माणसाला हे थोडं तरी टोचायला हवं.

शेजारच्या जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी साऱ्या देशात ओळखलं जातं. तिथे जुलै २०२३ मध्ये २० किलोच्या क्रेटला २ हजार रुपयांच्या वर भाव गेला होता. काही शेतकऱ्यांनी त्या एका हंगामात आयुष्यभराचं कमावलं. त्याआधी दोनच वर्षं, ऑगस्ट २०२१ मध्ये, नाशिक जिल्ह्यात किलोला दोन-तीन रुपये मिळतात म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला होता. तेच पीक, तीच मेहनत.

कुणी म्हणेल, मग कारखाने काढा! आमच्याकडे कारखाने नाहीत असं नाही. पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे, जुन्नरमध्ये निवृत्तीनगरला विघ्नहर आहे. अवसरी फाट्यालाच पराग मिल्क फूड्सचा दुधाचा मोठा प्रकल्प आहे. ही कंपनी १९९२ साली सुरू झाली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. ‘गोवर्धन’ तुपाचा डबा तुम्ही वापरत असाल तर आमच्या फाट्याशी तुमचा संबंध आहे. म्हणजे आमच्या माणसाला पैसे गुंतवणं नवीन नाही. साखर कारखान्याचा भाग म्हणजे शेअर घेणं हे आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव लागण्याइतकं मानाचं. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हाही शेतकऱ्यांकडून भाग गोळा करूनच.

मग ऊस आणि दुधाला जे साधलं ते फळांना का साधलं नाही? याचा मी बरेच दिवस विचार केला. दूध रोज दोन वेळा येतं, बारा महिने येतं. यंत्र रिकामं राहत नाही आणि पैसा दर काही दिवसांनी फिरून येतो. ऊस हंगामी आहे, पण तो साऱ्या शिवारात एकसारखा, त्याचा किमान दर कायद्याने ठरलेला, आणि साखरेला लेबल लागत नाही. ती पोत्याने विकली जाते. फळाचं तसं नाही. आंबा दीड-दोन महिने, सीताफळ पावसाळ्याच्या अखेरीस, आवळा थंडीत. प्रत्येकाचं यंत्र निराळं, गर निराळा. आणि माल विकायचा तो बाटली-बाटलीने, दुकान-दुकानाने. साखर विकणारा एक ट्रक विकतो, मुरांबा विकणारा एक बरणी विकतो. बागवानाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आता माझी गोष्ट. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागात एक फळप्रक्रिया कारखाना निघाला. नाव सांगत नाही, कारण आता त्याचा उपयोग नाही आणि त्यातली निम्मी माणसं हयातही नाहीत. टोमॅटोचा सॉस, आवळ्याचं सरबत, आंब्याचा गर असं सगळं करायचं ठरलं होतं. माणसं भली होती. गावोगाव बैठका झाल्या. मी तेव्हा एका शाळेत कारकून होतो आणि कवी म्हणून पंचक्रोशीत थोडं नाव झालं होतं. उद्‌घाटनाला कविता वाचायला मला बोलावलं. मांडव भरलेला, पुढाऱ्यांची भाषणं झालेली, आणि मी शेतकऱ्याच्या घामावरची कविता वाचली. टाळ्यांचा असा कडकडाट पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्या टाळ्यांच्या भरात मी भाग घ्यायचं जाहीर केलं. खिशात पैसे नव्हते. होते ते अब्बांकडे. बऱ्याच वर्षांत साठवलेले, हजला जायचे म्हणून.

अब्बांनी मला नाही म्हटलं नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. बाटली विकणार कोण? माल पडून राहिला तर तोवर मजुरी कुठून देणार? आणि हिशेब कुणासमोर वाचणार? मी चिडलो. म्हटलं, अब्बा, हा पाटीचा धंदा नाही, हा प्रोजेक्ट आहे. त्यांनी पेटीतून पैसे काढून दिले.

कारखाना दोन हंगाम चालला. पहिल्या वर्षी टोमॅटो स्वस्त होता. बाटल्या भरल्या, गोदाम भरलं. विकायला मात्र माणूस नव्हता. दुकानदार म्हणायचे, ठेवून जा, खपल्यावर पैसे नेऊ. खपल्या त्याचे पैसे उशिरा आले, खपल्या नाहीत त्या मुदत संपल्यावर परत आल्या. दुसऱ्या वर्षी हातात रोकडच नव्हती, म्हणून शेतकऱ्यांकडून उधारीवर माल घेतला. तिसऱ्या वर्षी टोमॅटोला बाजारात चांगला भाव होता, आणि मागली उधारी राहिलेल्या कारखान्याला कोण माल घालणार? भागधारक शेतकऱ्यांनीसुद्धा आपले क्रेट बाजारातच नेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कर्जाचे हप्ते थांबले, बँकेने कुलूप लावलं. यंत्रं भंगाराच्या भावाने गेली. त्या शेडमध्ये नंतर काही वर्षं लग्नं लागायची. एका लग्नात मीही जेवून आलो आहे. घास घशाखाली उतरत नव्हता.

अब्बा हजला जाऊ शकले नाहीत. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी काढायचा प्रयत्न केला तर म्हणायचे, “अल्लाची मर्जी.” त्यांच्या मर्जीतला माझा वाटा किती होता हे मला माहीत आहे. म्हणून मी या विषयावर बोलायला तयार झालो.

हे कारखाने बुडतात ते का, याचा सोपा हिशेब मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा, एक लहानसा कारखाना हंगामात रोज २ टन टोमॅटो घेतो आणि भाव किलोला ६ रुपये आहे. दिवसाचे १२ हजार झाले. ६० दिवसांचे ७ लाख २० हजार. बाटल्या, झाकणं, साखर, इंधन, मजुरी यांचे साधारण तितकेच धरा. म्हणजे दोन महिन्यांत १४-१५ लाख रुपये हातातून जातात. माल मात्र विकला जाणार पुढच्या दहा महिन्यांत, आणि दुकानदाराकडून पैसे येणार त्यानंतर. टोमॅटोत पाणीच फार असतं. सहा-सात किलो टोमॅटो आटवले तेव्हा किलोभर घट्ट पेस्ट होते. इतक्या पाण्याला आटवायला इंधन लागतं, आणि इंधनवाला उधार देत नाही. हे जे मधल्या महिन्यांचं भांडवल, ज्याला खेळतं भांडवल म्हणतात, ते उभारायचं राहून जातं. शेडचा फोटो काढता येतो, फीत कापता येते. खेळत्या भांडवलाचं उद्‌घाटन कुणी करत नाही.

सरकारी योजनांचा कलही बराचसा तसाच राहिला. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं. ते मुख्यतः यंत्रं आणि बांधकामासाठी. पण त्याच योजनेत बचत गटातल्या महिलेला ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल ठेवलं, ते खेळतं भांडवल आणि लहानसहान अवजारांसाठी. मला हे कलम अनुदानापेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं. ते कलम लिहिणाऱ्याने कधीतरी बाजारात संध्याकाळपर्यंत पाटी घेऊन बसून पाहिलं असावं.

थांबणं ज्यांना साधलं त्यांच्याकडे जरा बघू. सांगली जिल्ह्यात तासगावकडे द्राक्षाचा बेदाणा करतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्षं शेडमध्ये जाळ्यांच्या रॅकवर पसरून वाळवतात, पंधरा-वीस दिवसांत माल तयार. तो शीतगृहात जातो आणि शेतकरी सौद्यात भाव बघून थोडा थोडा काढतो. दरम्यान घर चालवायला मालावर उचल मिळते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, तिच्यात बेदाणाही आहे. बघा, इथे फार मोठं यंत्र नाही. वाळवायची शेड, थंड गोदाम आणि तारण कर्ज, या तिन्हींच्या जोरावर द्राक्ष वर्षभर थांबतं. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

पाचगणीला १९५९ साली किशोर व्होरा यांनी मॅप्रो सुरू केली, ती स्ट्रॉबेरीसारख्या नाजूक फळाच्या जॅमपासून. आधी थोडा माल, ओळखीचं गिऱ्हाईक, डोंगरावर येणारा प्रवासी. पुढे नाव झालं. आधी विक्री, मग विस्तार, हा तो क्रम.

उलट उदाहरण आमच्या शेजारचंच आहे. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात द्राक्षापासून फेसाळणारी वाइन काढली. फ्रान्सच्या तंत्राने केलेली ती वाइन परदेशात विकली गेली, आणि तिचं नाव होतं ‘ओमर खय्याम’. मी पिणारा नव्हे. पण आमच्या जुन्नरच्या मातीतलं द्राक्ष एका फारसी कवीचं नाव लावून सातासमुद्रापार गेलं, याचा कवी म्हणून मला लपून आनंद व्हायचा. कंपनी शेअर बाजारात होती. नंतर तिने परदेशातल्या कंपन्या विकत घ्यायला सुरुवात केली, कर्ज वाढलं, २००८ची मंदी आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन कंपनी गुंडाळायची वेळ आली. कल्पना चांगली होती, मालही चांगला होता. थांबण्यासाठी लागणारी रोकड धावण्यात खर्च झाली.

आणि नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स आहे. विलास शिंदे आणि त्यांचे सहकारी शेतकरी आधी द्राक्षं निर्यात करायचे. २०१० साली युरोपने भारतीय द्राक्षं क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडला म्हणून अडवली. कितीतरी निर्यातदार त्यात झोपले. त्याच सुमारास या मंडळींनी शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. द्राक्षांबरोबर टोमॅटो, आंबा, डाळिंब अशी फळं जोडत गेले, म्हणजे एकाचा हंगाम संपला तरी यंत्र रिकामं राहू नये. आज टोमॅटोवर प्रक्रिया करणाऱ्या देशातल्या मोठ्या ठिकाणांत त्यांची गणना होते. २०२२ साली युरोपातल्या गुंतवणूकदारांनी त्यांच्या प्रक्रिया कंपनीत ३१० कोटी रुपये घातले. पण ते मूळ शेतकरी कंपनीत घातले नाहीत, घालताही आले नसते.

ते का, हे समजून घ्यायला हवं. २००२च्या कायदादुरुस्तीने आपल्याकडे उत्पादक कंपनी हा प्रकार आला. दहा किंवा जास्त उत्पादक एकत्र येऊन ती काढू शकतात, भाग कितीही असोत, साधारणपणे माणशी मत एक. पण सभासद व्हायला तुम्ही स्वतः उत्पादक असायला हवं. मास्तर, दुकानदार, पेन्शनर, कवी यांना तिथे भाग घेता येत नाही. म्हणून सह्याद्रीने प्रक्रियेसाठी वेगळी कंपनी केली आणि बाहेरचा पैसा तिथे घेतला. मूळ कंपनी शेतकऱ्यांच्याच हातात राहिली. गावातही हे लहान प्रमाणावर करता येतं. शेतकऱ्यांची कंपनी फळ पिकवेल, गोळा करेल; प्रक्रियेसाठी आणि विक्रीसाठी निराळी भागीदारी असेल, तिच्यात गावातला नोकरदार पैसा घालेल. तात्यांची झाडं आणि अब्बांची विक्री, हीच ती जुनी भागी. फक्त आता कागदावर आणि सहीशिक्क्यासह.

हे सगळं आज सांगायला कारण घडलं आहे. माझा पुतण्या आणि त्याचे चार मित्र गावात लहानसा उद्योग काढू पाहताहेत. त्यातले तिघे शेतकऱ्यांची मुलं आहेत, एक जण आमच्या गावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला आहे. २००९ मध्ये हे कॉलेज आलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, पोरं यंत्रं शिकून शहरात जातील. एक तरी थांबला. आंब्याचा आणि सीताफळाचा गर गोठवायचा, थंडीत आवळा, आणि टोमॅटो फार पडला तरच टोमॅटो, असा त्यांचा बेत आहे. महिन्यापूर्वी पुतण्या घरी आला. म्हणाला, “चाचा, तुमचे निवृत्तीचे थोडे पैसे घालता का? शेडसाठी कमी पडताहेत.”

मी लगेच उत्तर दिलं नाही. अब्बांचे तीन प्रश्न त्याला विचारले. बाटली विकणार कोण? त्याने वही काढली. मंचर, नारायणगाव आणि चाकणकडची आइस्क्रीमवाली, मिठाईवाली, खाणावळवाली अशी यादी होती. कोण किती गर घेतं, केव्हा पैसे देतं, हे त्याने स्वतः हिंडून लिहून आणलं होतं. म्हणजे बाटली, लेबल आणि दुकानदाराची फळी यांच्या नादी न लागता आधी गर विकायचा. माझा निम्मा राग तिथेच गेला. हिशेब कुणासमोर? म्हणाला, दर तीन महिन्यांनी, देवळासमोरच्या पारावर, भागीदारांनी यायचं आणि ज्याला ऐकायचं त्याने यावं. मधल्या प्रश्नाला मात्र तो अडला. माल पडून राहिला तर तोवर मजुरी कुठून? त्याने शेडचा, यंत्राचा, विजेचा खर्च काढला होता. मधल्या महिन्यांचा काढलेला नव्हता. अगदी माझ्यासारखंच.

मी त्याला म्हटलं, शेडला मी पैसा देणार नाही. शेड आधी भाड्याने घ्या. गोठवायची सोय दुसऱ्याच्या शीतगृहात भाड्याने बघा. माझे पैसे फक्त दोन कामांना वापरायचे. हंगामात शेतकऱ्याला जागच्या जागी रोख द्यायला, आणि माल गोदामात असताना मजुरांचा पगार द्यायला. व्याज मला नको. नफा झाला तर ठरलेला हिस्सा द्या, तोटा झाला तर माझाही जाईल. पण कुठे गेला ते मला पारावर बसून ऐकायचं आहे. त्याला ते जरा विचित्र वाटलं. त्याचे मित्र म्हणाले, चाचांचं बरोबर आहे, शेडला अनुदान मिळेल, आंबा घ्यायला कोण देणार?

श्रोत्यांमध्ये माझ्यासारखे अनेक जण असतील. गावाकडे दोन पैसे घालावेत असं मनात असतं. एरवी आपण प्लॉट घेतो, सोनं घेतो, किंवा कुणाच्या तरी दुप्पट होण्याच्या योजनेत फसतो. त्यांना मी एवढंच सांगेन, की गावाच्या प्रेमापोटी पैसे देऊ नका आणि गावावरच्या रागापोटी अडवूही नका. तुटलं तरी घर चालेल इतकेच घाला. गिऱ्हाईकांची यादी मागा. मधल्या महिन्यांचा हिशेब मागा. वर्षात किती दिवस यंत्र चालेल आणि उरलेल्या दिवसांत काय करणार, हे विचारा. मागल्या हंगामातल्या शेतकऱ्यांची देणी फिटली का, हे त्या शेतकऱ्यांनाच जाऊन विचारा. आणि जो हिशेब उघड्यावर वाचायला कचरतो त्याला नमस्कार करून परत या, मग तो कितीही जवळचा असो.

हिरड्याचं माझ्या मनात राहून गेलं आहे. पुतण्याला म्हटलं, पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी तरी पश्चिमेकडच्या बायकांचा थोडा हिरडा घ्या. त्याला ना यंत्र लागत, ना शीतगृह. वाळलेलाच असतो. मृगाच्या आधी त्यांना अर्धी उचल द्या आणि उरलेली दिवाळीला भाव बघून. तो हसला. म्हणाला, “चाचा, तुम्ही कवी आहात की व्यापारी?” मी म्हटलं, तुझे आजोबा दोन्ही होते, फक्त त्यांनी लिहिलं नाही.

यंदा मोहोर बरा आहे. झाडं बघायला पोरं मला घेऊन गेली होती. मला अब्बांसारखं वर बघून आकडा सांगता येत नाही; मान दुखली तेवढीच. येत्या हंगामानंतर पारावर पहिला हिशेब वाचला जाईल. पोरांचा आग्रह आहे की सुरुवातीला मी एखादी कविता म्हणावी. मी त्यांना सांगितलं आहे, आधी हिशेब. कविता मागाहून, वेळ उरला तर.